कृतज्ञतेचा नित्यपाठ

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या कन्येने मला एक वही भेट दिली. वहीची बांधणी सुरेख, कागद गुळगुळीत, आणि प्रत्येक पानावर तारखेच्या जागेखाली तीन रेघा आखलेल्या. रेघांच्या वर एक छापील प्रश्न होता: 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?' रोज निजण्यापूर्वी तीन गोष्टी लिहावयाच्या, एकही दिवस चुकवावयाचा नाही, म्हणजे मन प्रसन्न राहते, अशी तिची प्रेमळ ताकीद होती. नित्यनेमाविषयी मला लहानपणापासून आदर आहे. आमच्या घरी तिन्हीसांजेस दिवा लागला की परवचा म्हटल्यावाचून पान वाढले जात नसे. तेव्हा ह्या नव्या परवच्यास मी आनंदाने आरंभ केला आणि साठ दिवस तो अखंड चालविला.

साठ दिवसांनी, एखादे पुस्तक अभिप्रायार्थ यावे आणि आपण ते चाळावे, त्या वृत्तीने मी ती वही वाचावयास घेतली. एकशे ऐंशी नोंदी होत्या. त्यांत गुडघ्याचे दुखणे उतरल्याबद्दल कृतज्ञता होती, सकाळच्या उन्हाबद्दल होती, गाडी वेळेवर आल्याबद्दल होती, गाढ झोपेबद्दल होती. नावानिशी असे माणूस अवघे अकरा वेळा आले होते. चहा त्याहून अधिक वेळा आला होता. परीक्षक ह्या नात्याने मत द्यावयाचे तर एवढेच म्हणता येईल की, लेखकाची प्रकृती बरी असून त्याच्या गरजा माफक आहेत. लेखक कृतज्ञ आहे की नाही, ह्याचा मात्र त्या एकशे ऐंशी नोंदींवरून काहीच बोध होत नव्हता.

हा दोष माझा, की वहीच्या घडणीचा? ह्या प्रश्नाने मला जे शोधावयास लावले, त्याचे फलित वाचकांपुढे ठेवण्याचा येथे उद्देश आहे. कृतज्ञता ही भावना आहे, आणि भावनेचा नित्यपाठ होऊ शकत नाही, असा एक आक्षेप प्रथमदर्शनीच सुचतो. रोज ठरल्या वेळी रागावता येत नाही, तसे रोज ठरल्या वेळी कृतज्ञही होता येणार नाही. हा आक्षेप खरा असता तर विषय येथेच संपला असता. परंतु तो खरा नाही, हे खुद्द शब्दच सांगतो. 'कृतज्ञ' म्हणजे जे केले गेले ते जाणणारा. ह्या शब्दाच्या पोटात गहिवर नाही, अश्रू नाहीत, नमस्कारही नाही. तेथे 'ज्ञ' आहे, म्हणजे ज्ञान आहे. त्याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द घ्यावा तर तोही विचार करावयास लावणारा आहे. 'अकृतज्ञ' असा सौम्य शब्द भाषेत आहेच. परंतु माणसाची खरोखर निंदा करावयाची असली म्हणजे आपण 'कृतघ्न' म्हणतो. कृतघ्न म्हणजे जे केले गेले त्याचा घात करणारा. दुसऱ्याने केलेली गोष्ट न जाणणे म्हणजे ती ठार करणे होय, असा जणू ह्या शब्दाचा निवाडा आहे. ज्ञानाचा अभ्यास करता येतो, त्याची उजळणी करता येते, आणि मुख्य म्हणजे ज्ञान चूक की बरोबर हे तपासता येते. तेव्हा कृतज्ञतेचा नित्यपाठ असंभवनीय नाही. मात्र तो पाठ कशाचा करावयाचा, हे नीट ठरले पाहिजे.

हल्लीच्या वह्यांचा उगम ज्या मानसशास्त्रीय प्रयोगांत आहे, त्यांकडे ह्या दृष्टीने पाहणे उपयोगाचे होईल. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिल्यात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एकाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहावयाच्या, आणि तिसऱ्याने केवळ घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटास आपले आयुष्य इतरांपेक्षा बरे वाटत असल्याचे दिसून आले. पुढे 2005 मध्ये मार्टिन सेलिग्मन व त्यांचे सहकारी ह्यांनी आणखी प्रयोग केले. त्यांतील एकात आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहावयाच्या होत्या, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली ह्याचे कारणही लिहावयाचे होते. दुसऱ्यात, ज्याचे आभार कधी नीट मानले गेले नाहीत अशा व्यक्तीस पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यावयाचे होते. पत्राचा परिणाम प्रथम फार मोठा दिसला, पण तो महिन्याभराने ओसरला. तीन गोष्टींचा परिणाम मंद होता, पण सहा महिने टिकला.

ह्या प्रयोगांत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, कारण लिहिणे हा सेलिग्मन ह्यांच्या पाठाचा अर्धा भाग होता. माझ्या वहीत गोष्टीसाठी रेघ आहे, कारणासाठी नाही. चहा चांगला झाला हे मी लिहिले, तो कोणी केला हे लिहिण्याचा प्रसंगच वहीने येऊ दिला नाही. दुसरी गोष्ट अशी की, ह्या प्रयोगांचे मोजमाप लिहिणाऱ्याच्या सुखाचे आहे. मानसशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आणि दुःखी माणसास एखाद्या पाठाने थोडे सुख मिळत असेल तर त्यास नावे ठेवणे क्रूरपणाचे होईल. परंतु ज्याने आपल्यासाठी काही केले, त्याचे ह्या मोजमापात स्थान कोणते? माझे मन प्रसन्न झाले म्हणजे त्याचे ऋण फिटले काय? हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा आहे. त्यासाठी वाङ्मयाकडे वळले पाहिजे.

सुदैवाने ह्याच कार्यासाठी लिहिलेले, आणि केवळ स्वतःसाठी लिहिलेले, असे एक पुस्तक आपल्यापाशी आहे. रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस ह्याचे आत्मचिंतन पदवीच्या वर्गात मी कित्येक वर्षे शिकविले आहे, आणि इंग्रजी शिकलेल्या पुष्कळ कुटुंबांत त्याची एखादी प्रत असतेच. मार्कसचा जन्म इसवी सन 121 मधला. 161 ते 180 अशी एकोणीस वर्षे त्याने राज्य केले. त्या काळात साम्राज्यात मोठी साथ पसरली, उत्तर सरहद्दीवर वर्षानुवर्षे युद्ध चालले, आणि त्याच्या डझनाहून अधिक अपत्यांपैकी बहुतेक लहानपणीच दगावली. अशा माणसाने रोमन असूनही ग्रीक भाषेत बारा भागांचे टिपण लिहिले. ते प्रसिद्ध करण्याचा त्याचा हेतू होता असे दिसत नाही. छापील रूपात ते प्रथम बाहेर आले 1559 मध्ये. त्याचा पहिला भाग इतर अकरा भागांहून अगदी निराळा आहे. तो वेगळ्या वेळी, बहुधा सर्वांच्या शेवटी, लिहिला असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

ह्या पहिल्या भागात सतरा कलमे आहेत. सोळा कलमे सोळा माणसांविषयी, आणि सतरावे देवांविषयी. वर्गात हा भाग बहुधा वगळला जातो. विद्यार्थी म्हणतात, ही तर नुसती यादी आहे! यादी ती खरीच. परंतु तिची घडण पाहण्याजोगी आहे. प्रत्येक कलम 'अमक्याकडून' अशा शब्दांनी सुरू होते आणि मग त्या व्यक्तीकडून जे मिळाले ते ओळीने येते. मूळ ग्रीक वाक्यांस मुख्य क्रियापदच नाही. 'मी शिकलो' असे तो म्हणत नाही, 'मी आभारी आहे' असेही म्हणत नाही. भाषांतरकार वाक्य पुरे करण्यासाठी क्रियापद घालतात आणि तेथेच थोडी चूक होते, असे मला वाटते. मार्कस भावना व्यक्त करीत नाही. वाण्याच्या चोपडीत जमेच्या बाजूस नाव आणि रक्कम मांडावी, तशी तो व्यक्ती आणि वस्तू समोरासमोर मांडतो.

ह्या मांडणीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे नेमकेपणा. अलेक्झांडर नावाच्या व्याकरणशिक्षकाकडून त्यास काय मिळाले? कोणी अशुद्ध बोलला तर त्यास टोकू नये, आपल्या उत्तरात तोच शब्द शुद्ध रूपाने सहज आणावा, ही रीत. माझ्यासारख्या प्राध्यापकास हे कलम वाचून प्रत्येक वेळी थोडी लाज वाटते. दुसऱ्या एका अलेक्झांडरकडून, जो प्लेटोचा अनुयायी होता, काय मिळाले? गरज नसता 'मला सवड नाही' असे वारंवार बोलू नये किंवा पत्रातून लिहू नये, हे. रस्टिकसकडून एपिक्टेटसच्या वचनांची ओळख, आणि तीही रस्टिकसच्या स्वतःच्या संग्रहातील प्रतीवरून. दत्तक पिता अँटोनायनस पायस ह्याच्यावरील कलम सर्वांत दीर्घ आहे. त्यात राज्यकारभाराच्या मोठ्या गुणांबरोबरच, डोकेदुखीचा झटका ओसरताच तो ताजातवाना होऊन पुन्हा कामास कसा बसे, हेही नोंदले आहे. हा तपशील जवळ राहून पाहिल्यावाचून सुचणारा नव्हे. 'ते फार थोर होते' असे म्हणावयास पाहावे लागत नाही. डोकेदुखीची नोंद करावयास पाहावे लागते.

दुसरे वैशिष्ट्य ह्याहून सूक्ष्म आहे. मार्कसचा जन्मदाता तो अगदी लहान असताना वारला. त्याच्याविषयीच्या कलमात मार्कस 'वडिलांकडून' असे सरळ लिहीत नाही. लोकांत असलेली वडिलांची कीर्ती आणि स्वतःला राहिलेली आठवण ह्यांवरून, असे तो लिहितो. जे ज्ञान आहे ते कोठून आले, हे तो स्वतःपाशीही लपवीत नाही. कृतज्ञता हे ज्ञान आहे, असे मी वर म्हटले. ज्ञानाच्या बाबतीत जो प्रामाणिकपणा लागतो, तो येथे मूर्तिमंत दिसतो.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे मौन. हेड्रियन बादशहाने वारसाची जी व्यवस्था लावून दिली, तिच्यामुळेच मार्कस पुढे सिंहासनावर बसला. ज्यास आपण सर्वसाधारण अर्थाने 'उपकार' म्हणतो तो ह्याहून मोठा कोणता? परंतु ह्या सोळा जणांत हेड्रियन नाही. ग्रीक वक्तृत्वाचा विख्यात गुरू हेरोडीझ ॲटिकस हाही नाही. फ्रॉन्टो हा त्याचा लाडका लॅटिन गुरू. त्या दोघांची पत्रे 1815 मध्ये मिलानच्या ग्रंथालयात, पुसून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रांवर सापडली. त्यांत तरुण मार्कस फ्रॉन्टोवर प्रेमाचा नुसता वर्षाव करतो. पहिल्या भागात मात्र फ्रॉन्टोच्या वाट्यास दोन-तीन ओळी आल्या आहेत, आणि त्यांत वक्तृत्वाचे नाव नाही. जुलमी सत्तेत मत्सर आणि ढोंग कसे असते, आणि उच्चकुलीन म्हणविणाऱ्यांत वात्सल्य किती थोडे असते, एवढेच फ्रॉन्टोकडून मिळाल्याचे तो लिहितो. पत्रांतील उमाळा आणि टिपणातील ही काटकसर ह्यांत मला कृतघ्नता दिसत नाही. उमाळा ओसरल्यावर हाती खरोखर जे उरले, ते त्याने लिहिले. कृतज्ञतेस खोटे बोलण्याची मुभा नाही, हे ह्या मौनाचे सांगणे आहे. भाऊ ल्यूशियस व्हेरस हा चैनीबद्दल प्रसिद्ध होता. त्याच्याविषयी देवांचे ऋण मान्य करताना मार्कस म्हणतो की, ज्याचा स्वभाव मला स्वतःविषयी सावध राहावयास लावील असा भाऊ मला मिळाला. ह्या वाक्यात किंचित मिस्किलपणा आहे की पुरती सरळता आहे, ह्यावर वर्गात दर वर्षी वाद होतो. मी अजून निकाल दिलेला नाही.

पुढील भागांत ह्या पाठाची रीतही आढळते. सहाव्या भागात तो स्वतःस सांगतो की, मनास उभारी हवी असेल तर सोबतच्या माणसांचे गुण आठवावेत. एकाची कामाची तडफ, दुसऱ्याचा विनय, तिसऱ्याचे औदार्य. ती चित्रे नेहमी हाताशी असावीत. सातव्या भागात तो म्हणतो की, जे नाही त्याची स्वप्ने पाहू नयेत. जे आहे त्यातील उत्तम ते निवडावे, आणि ते नसते तर आपण त्याची किती वाट पाहिली असती ह्याचा विचार करावा. एवढ्यावर थांबला असता तर तो आजच्या वह्यांचा आद्य प्रवर्तक ठरला असता. परंतु तो लगेच स्वतःस बजावतो की, असे करताना त्या गोष्टीत इतके गुंतू नये की ती गेल्यावर मन ढासळावे. ज्या बापाने एकामागून एक मुले पोचविली, त्याच्या हातची ही ओळ आहे. ती वाचताना हे विसरता येत नाही.

पाचव्या भागातील एक उतारा देणाऱ्याविषयी आहे, आणि आपल्या घरांत तो मोठ्याने वाचण्याजोगा आहे. उपकार करणारे तीन प्रकारचे असतात, असे तो म्हणतो. पहिला लगेच ते दुसऱ्याच्या खाती मांडतो. दुसरा बोलून दाखवीत नाही, पण मनात त्यास ऋणको समजतो. तिसऱ्यास आपण काही केले ह्याचे भानच नसते. द्राक्षवेल घोस देते आणि पुढल्या ऋतूच्या तयारीस लागते, तसा तो. 'आम्ही तुमच्यासाठी काय काय केले' हे पालुपद ज्या घरात ऐकू येते, तेथे कृतज्ञता उगवत नाही, फक्त दबून राहण्याची सवय लागते. घरकाम करणाऱ्या बाईस किंवा आश्रित नातलगास 'मिळाले त्यात समाधान मान' असे सांगणे हा कृतज्ञतेचा उपदेश नव्हे. तो देणाऱ्याच्या सोयीचा उपदेश आहे. कृतज्ञता ही घेणाऱ्याने स्वतःस शिकवावयाची गोष्ट आहे. मार्कसची वही स्वतःलाच उद्देशून आहे, ह्याचे महत्त्व येथे कळते.

एवढी स्तुती केल्यावर त्याच्या वहीतील एक उणीव सांगणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. पाचवे कलम त्यास लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाविषयी आहे. कष्ट सोसावे, गरजा थोड्या ठेवाव्यात, आपले काम आपल्या हातांनी करावे, हे सारे त्याच्याकडून मिळाले असे मार्कस लिहितो. इतर सर्व गुरूंची नावे दिली आहेत. त्याच्या लागलीच पुढचा डायोग्नेटससुद्धा नावाने येतो. ह्या सांभाळणाऱ्याचे नाव मात्र नाही. तो बहुधा गुलाम किंवा गुलामगिरीतून सुटलेला माणूस असावा. हातांनी काम करावयास ज्याने शिकविले, त्याचे नाव लिहिण्यास हात वळला नाही.

ह्या ठिकाणी आपल्या वाङ्मयाची आठवण साहजिकच होते. आपल्या ग्रंथकारांनीही ऋण मान्य केले आहे, पण निराळ्या रीतीने. दासबोधाच्या पहिल्या दशकात समर्थ गणेश, शारदा, सद्गुरू, संत ह्यांच्या स्तवनानंतर श्रोत्यांचे स्तवन करतात, कवींचे करतात, सभेचे करतात, आणि शेवटी नरदेहाचे करतात. ज्या देहाच्या योगाने हे सर्व साधावयाचे त्याचेही ऋण! ह्या दृष्टीचा विस्तार मार्कसपाशी नाही. मात्र स्तवन हे वर्गाचे आहे, अमक्या एका माणसाचे नाही. ज्ञानेश्वरीत व्यक्ती आहेत. आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ अशी परंपरा ज्ञानदेव क्रमाने सांगतात आणि आपल्याकडे आलेले धन कोणाकोणाच्या हातून आले ते स्पष्ट करतात. परंपरेने आलेल्या पाठात ग्रंथाच्या अखेरीस शके 1212 ह्या वर्षाबरोबर आणखी एक नाव येते: सच्चिदानंदबाबांचे. ते तत्त्ववेत्ते म्हणून येत नाहीत, ज्यांनी बसून ओव्या लिहून घेतल्या ते लेखक म्हणून येतात. रोमच्या बादशहास जे सुचले नाही, ते नेवाशाच्या त्या श्रोतृमंडळास सुचले. बोरू धरणाऱ्या हातास नाव मिळाले.

आज हा पाठ आपल्या पुस्तकांत कोठे उरला आहे? 'ऋणनिर्देश' ह्या पानावर. त्या पानाचे परीक्षण कोणी करीत नाही. म्हणूनच ते करून पाहावे. विद्यापीठाचे आभार, प्राचार्यांचे आभार, ग्रंथपालांचे, प्रकाशकांचे, मुद्रकांचे. आणि अखेरीस 'सौ.च्या सहकार्यावाचून हे कार्य सिद्धीस जाते ना' असे एक ठरीव वाक्य. 'ऋणातून उतराई होणे शक्य नाही' असे म्हटले की उतराई होण्याचा यत्न करण्याचे कारण उरत नाही. ऋण, उतराई, पांग फेडणे हे सर्व आपले शब्द देण्याघेण्याचे आहेत. पण रक्कम किती आणि कोणाची, हे लिहिण्याची चाल मोडली आहे. छापील वहीतील तीन रेघा आणि ऋणनिर्देशाचे पान ह्यांत एकच दोष आहे. दोहोंत भावना आहे, आकडा नाही.

हे लिहीत असता मी माझ्याच पुस्तकाचा ऋणनिर्देश काढून पाहिला. तो वर दिलेल्या नमुन्याबरहुकूम होता. तेव्हा वहीत तीन रेघांचा नियम मोडून, मार्कसच्या पद्धतीने मी एक कलम लिहावयास घेतले: 'आक्काकडून'. आक्का ही माझी थोरली बहीण. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. धाकट्याच्या शिक्षणासाठी तिने शाळा सोडली, असे आमच्या घरात सर्वजण मानीत आले, आणि मीही तेच मानून आयुष्यभर मनातल्या मनात गहिवरत आलो. परंतु कलम लिहू लागताच लेखणी अडली. नक्की काय झाले होते, हे मला ठाऊक नव्हते. मी तिला कधी विचारलेच नव्हते. पुढल्या रविवारी तिच्या गावी जाऊन विचारले.

ती म्हणाली, "अरे, शाळा तुझ्यासाठी कशाला सोडीन? आई दोन वर्षं अंथरुणाला होती, म्हणून सोडली. तू तेव्हा पाच वर्षांचा. तुझ्यासाठी केलं ते निराळं. तू कॉलेजात गेलास त्या तीन वर्षांची फी मी परकर शिवून भरली. अण्णा म्हणाले, त्याला सांगू नका, पोराच्या डोक्यावर ओझं नको."

मी काही बोललो नाही. तिने चहा टाकला आणि भाच्याच्या नोकरीचा विषय काढला.

जे तिने माझ्यासाठी केले नव्हते त्याबद्दल मी पन्नास वर्षे सद्गदित होत होतो, आणि जे केले होते ते मला माहीत नव्हते. माझी भावना खरी होती, पण तिच्या पोटात 'ज्ञ' नव्हता. हा अनुभव केवळ माझा असेल असे मला वाटत नाही. घरोघर अशा चुकीच्या नोंदी असतील. ज्यांना विचारता येईल ती माणसे अद्याप आहेत तोवरच त्या दुरुस्त होऊ शकतात. कृतज्ञतेचा नित्यपाठ करावयाचा तो ह्यासाठी. मनास प्रसन्नता आली तर ती वरकड समजावी.

कोणी ही वही लिहू इच्छीत असेल तर त्यास माझी एवढीच सूचना आहे. रोज तीन गोष्टींची सक्ती करू नये; एक पुरे. 'कशाबद्दल' ह्या प्रश्नाच्या जागी तीन प्रश्न घालावेत: कोणाकडून, नेमके काय, आणि हे मला कशावरून ठाऊक? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर निजावे, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावे. नाव ठाऊक नसेल तर तेही विचारावे. वाहनाच्या, दुकानाच्या, कचेरीच्या कितीतरी माणसांस आपण सांभाळणाऱ्या त्या रोमन माणसाप्रमाणे निनावी ठेवीत असतो.

माझ्या वहीतील त्या कलमात आता असे लिहिले आहे: 'आक्काकडून : तीन वर्षांची फी, परकरांच्या शिलाईतून, आणि केलेले बोलून न दाखविण्याची रीत. तिच्याच तोंडून ऐकले.' पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर हेच कलम ऋणनिर्देशात जाईल. आवृत्ती निघणे प्रकाशकाच्या हाती आहे. तोपर्यंत ते वहीत राहील, आणि पुढच्या पानावर अण्णांचे कलम लिहावयाचे राहिले आहे. त्याबद्दल मात्र आता आक्काखेरीज विचारावयास कोणी उरलेले नाही.